नवी शहरे रिकामी का राहतात? कांगबाशी, नवी मुंबई आणि लवासा

नगरवाचक (धागाकर्ता)

चीनच्या इनर मंगोलिया प्रदेशातील ऑर्डोसचा नवा शहरी विभाग म्हणजे कांगबाशी. दोंगशेंग या जुन्या शहराच्या दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, माळरानावर, या शतकाच्या पहिल्या दशकात तो उभा राहिला आणि २००६ मध्ये स्थानिक सरकारने आपली कार्यालये तिकडे हलवली. सुरुवातीचा आराखडा दहा लाख लोकवस्तीचा होता. पुढे तो आकडा तीन लाखांपर्यंत खाली आणण्यात आला. २००९ च्या नोव्हेंबरात अल जझीराने तिथला वृत्तांत दाखवला, पुढल्या वर्षी टाइम साप्ताहिकाने छायाचित्रे छापली, आणि तेव्हापासून ओस पडलेल्या शहरांविषयी कोणीही लिहायला बसले की चंगीझ खानाच्या नावाचा तो अवाढव्य चौक आणि त्यातले घोड्यांचे पुतळे हमखास पुढे येतात.

ती छायाचित्रे पाहून बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो, तो म्हणजे नियोजनकर्त्यांचा अंदाज चुकला. मला तो अपुरा वाटतो, कारण कांगबाशीतील घरांपैकी पुष्कळशी घरे विकली गेली होती. घेणारेही बव्हंशी त्याच भागातले होते. कोळशाच्या तेजीत ज्यांच्या हाती पैसा आला असे खाणमालक आणि ठेकेदार, तसेच खाणीसाठी किंवा शहरासाठी जमीन गेल्यामुळे ज्यांना मोबदला मिळाला अशी कुटुंबे यांनी एकेक नव्हे तर कित्येकदा दोन-तीन घरे घेऊन ठेवली. बांधणाऱ्याला पैसे मिळाले, सरकारला जमिनीची किंमत मिळाली, घेणाऱ्याला मालमत्ता मिळाली, आणि या तिन्ही व्यवहारांत त्या घरात कोणी राहायला हवे अशी अट कुठेच नव्हती. राहायला कोणी येईल की नाही याची खात्री नसलेले शहर बांधण्यात कोणाचा फायदा होता आणि त्या फायद्याचा वस्तीशी काही संबंध होता का, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८२ च्या राज्यघटनेनुसार चीनमधील शहरी जमीन सरकारच्या मालकीची आणि ग्रामीण जमीन गावाच्या सामूहिक मालकीची आहे. १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा बीजिंगकडे गेला, पण शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च स्थानिक सरकारांच्याच माथी राहिला. ही तूट भरून काढण्याचा एक रस्ता त्यांना मोकळा होता. गावाची शेतजमीन पिकाच्या उत्पन्नावर बेतलेला मोबदला देऊन ताब्यात घ्यायची, ती शहरी वापराखाली आणायची आणि तिचा ७० वर्षांचा निवासी पट्टा बांधकाम कंपन्यांना बाजारभावाने विकायचा. दोन भावांतली तफावत ही स्थानिक तिजोरीची मुख्य कमाई झाली. १९९८ मध्ये नोकरीच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची जुनी पद्धत बंद झाल्याने घरांचा खुला बाजार तयार झाला आणि या कमाईला तोटा उरला नाही. स्थानिक सरकारांना थेट कर्जरोखे काढण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या, त्यांच्या नावावर जमिनी केल्या आणि त्या तारण ठेवून बँकांकडून कर्जे उचलली. जागतिक मंदीवर उपाय म्हणून नोव्हेंबर २००८ मध्ये चीन सरकारने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली, तेव्हा हा पैसा वाहून न्यायला अशा कंपन्या आधीपासून तयार होत्या.

कांगबाशीचा विचार झाला त्याला स्थानिक कारणही होते; दोंगशेंगमध्ये पाण्याची टंचाई होती आणि शहराच्या वाढीला मर्यादा होत्या. तरीही दहा लाखांचे शहर योजण्याइतके बळ टंचाईतून येत नाही. ते कोळशातून आणि जमिनीच्या किमतीतून आले. ऑर्डोसमध्ये खासगी सावकारीचे मोठे जाळे पसरले होते. मोबदल्याचा पैसा चढ्या व्याजाच्या आशेने ओळखीपाळखीतून बांधकाम व्यावसायिकांकडे जात होता. २०११ नंतर कोळशाचा भाव उतरला आणि ते जाळे तुटले, तेव्हा इमारती अर्ध्यावर थांबल्या आणि ज्यांची जमीन गेली होती त्यांतल्या अनेकांचा पैसाही गेला. रिकाम्या चौकाच्या छायाचित्रात न दिसणारी ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

आता दुसरी बाजू. कांगबाशी कायमचे ओस राहिले नाही. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या लाखाच्या पुढे गेलेली दिसते. आराखड्याच्या मानाने ती थोडी असली तरी त्याला निर्जन म्हणता येणार नाही. ही वस्ती वाढण्यामागे नामांकित शाळा तिकडे नेण्याचा मोठा हात होता. मुलांच्या शाळेसाठी आईवडील येऊन राहिले. झेंगझोऊ शहराच्या झेंगदोंग या नव्या विभागाची कथा याहून ठळक आहे. जपानी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी त्याचा आराखडा केला, २०१३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीने तो भाग रिकाम्या शहराचा नमुना म्हणून दाखवला, आणि पुढच्या काही वर्षांत विद्यापीठे, सरकारी व वित्तीय संस्थांची कार्यालये आणि अतिवेगवान रेल्वेचे स्थानक यांच्या आधाराने तो भरला. झेंगझोऊ हे मुळातच मोठ्या लोकवस्तीच्या हेनान प्रांताच्या राजधानीचे शहर, त्यामुळे तिथे येणारा माणूस आधीच दाराशी होता. ऑर्डोसच्या आसपास तसे कोणी नव्हते.

यावरून माझे मत असे झाले आहे की, जमीन विकून येणारा पैसा आधी आणि एकदाच येतो, वस्ती मात्र हळूहळू आणि अनेक वर्षे येत राहते. ज्या यंत्रणेचे उत्पन्न विक्रीच्या दिवशी पूर्ण होते तिला पुढच्या वीस वर्षांत तिथे बस, शाळा, दवाखाना आणि रोजगार आणण्याची निकड उरत नाही. चीनमध्ये तर स्थानिक अधिकाऱ्यांची बदली काही वर्षांत होते आणि बढतीसाठी आर्थिक वाढीचा आकडा पाहिला जाई, त्यामुळे शहर भरेपर्यंत ते सुरू करणारा तिथे नसेच. महाराष्ट्रातील उदाहरणे या मताला दुजोरा देतात की छेद, हे जाणकारांनी लिहावे.


खाडीपलीकडे

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदातील मत नवी मुंबईला लावून पाहिले तर अडचण येते. नवी मुंबईदेखील जमिनीच्या पैशावरच उभी राहिली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या हद्दीतील ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यासाठी ठरवण्यात आले, आणि संपादित जमीन विकसित करून विकायची व त्या पैशातून पुढचा विकास करायचा हेच सूत्र होते. म्हणजे आपण ज्याला रिकाम्या शहरांचे मूळ म्हणता तेच इथे भरलेल्या शहराचे मूळ ठरले.

हेही खरे की नवी मुंबई भरायला वेळ लागला. मूळ योजनेत मंत्रालयासह राज्याचा कारभार खाडीपलीकडे जाईल अशी अपेक्षा होती. तो गेला नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्या वाढतच राहिल्या. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, पण केवळ पुलाने माणूस येत नाही. पुढच्या दोन दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले, लोखंडबाजार कळंबोलीला आला, आणि त्यांच्याबरोबर माथाडी, दलाल, ट्रकवाले, खानावळी असे सगळेच आले. खरा पालट झाला तो ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाल्यावर. त्या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला आणि एक तृतीयांश रेल्वेने, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या ११ लाखांच्या वर गेली होती. स्थापनेपासून लोकल येईपर्यंत २२ वर्षे गेली. त्या काळात कोणी वाशीची छायाचित्रे काढून छापली असती तर तीही कांगबाशीसारखीच दिसली असती.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर झाले त्यांनी वाट पाहण्याची किंमत मोजली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. शहर भरले की नाही याचा हिशेब करताना ही पाच माणसे त्या हिशेबात असली पाहिजेत.


नगरवाचक

खाडीपलीकडे, आपला आक्षेप मान्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके करता येते. फरक जमीन विकण्यात नाही, ती किती वेगाने व कोणाच्या हिशेबाने विकली यात आहे. सिडकोकडे न विकलेली जमीन दशकानुदशके शिल्लक होती आणि तिचा भाव वाशीत माणसे राहतात की नाही यावर अवलंबून होता. म्हणूनच रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च उचलणे तिच्या हिताचे ठरले. लोकल आली की उरलेल्या भूखंडांची किंमत वाढणार होती. आपण दिलेला हा तपशील माझ्या मूळ लेखात असायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. कांगबाशीत तेजीच्या चार-सहा वर्षांतच बहुतेक जमीन विकून मोकळे होण्याकडे कल होता, त्यामुळे पुढे वस्ती आणण्यात विकणाऱ्याचे फारसे काही अडकून राहिले नाही. आणि साडेबारा टक्के योजनेचे मोलही मी त्याच दृष्टीने पाहतो. पीक-उत्पन्नाच्या हिशेबाने एकरकमी मोबदला घेऊन निघून जाणारा शेतकरी आणि विकसित भूखंड हाती असलेला शेतकरी यांत दुसऱ्याला शहर भरण्यात वाटा आहे. तो वाटा मिळण्यासाठी माणसे मरावी लागली, हे आपण लिहिलेत ते बरे केलेत.


वाचनमात्र

एक शंका आहे. चीनमध्ये कोट्यवधी लोक खेड्यातून शहरात कामाला येतात असे वाचले आहे. मग रिकाम्या घरांत ते का राहत नाहीत?


ताळेबंद

वाचनमात्र, त्याचे उत्तर हुकोऊ या नोंदणीपद्धतीत आणि किमतीत आहे. चीनमध्ये असे सुमारे ३० कोटी कामगार आहेत. त्यांची नोंद मूळ गावी असते, आणि मुलांची सरकारी शाळा व इतर सोयी त्या नोंदीला जोडलेल्या असतात. लहान शहरांत नोंद मिळवणे अलीकडे पुष्कळ सोपे झाले आहे, पण काम मोठ्या शहरांत आहे, जिथे ती सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे कामगार जिथे कारखाना आहे तिथल्या वसतिगृहात किंवा शहराच्या पोटात सापडलेल्या जुन्या गावांतील दाटीच्या खोल्यांत राहतो, आणि नवे घर त्या माणसाकडे जाते ज्याच्याकडे आधीच एक घर आहे.

नगरवाचक यांनी सरकारच्या बाजूने लिहिले आहे, मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सामान्य चिनी कुटुंबाला बचत ठेवायला जागाच थोड्या होत्या. बँकेतील ठेवींवर व्याज कमी, शेअर बाजार बेभरवशाचा, पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध. मुलाच्या लग्नाआधी त्याच्या नावावर घर असावे ही अपेक्षाही होतीच. शांघाय आणि चोंगछिंग येथे २०११ पासून सुरू असलेले मर्यादित प्रयोग सोडले तर घर नुसते बाळगण्यावर वार्षिक कर नव्हता. अशा स्थितीत रिकामे घर ही कुटुंबाची ठेवच झाली, आणि भाडेकरू ठेवून ते वापरलेले करण्यापेक्षा कोरे ठेवणे पसंत केले जाई, कारण कोऱ्या घराला भाव जास्त. चेंगदू येथील एका विद्यापीठाच्या सर्वेक्षणानुसार २०१७ मध्ये शहरी घरांपैकी २१.४ टक्के, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी घरे रिकामी होती. यातली बहुसंख्य घरे नव्या ओसाड शहरांतली नसून चालत्या-बोलत्या शहरांतलीच असणार, हे ध्यानात घेतले पाहिजे. छायाचित्रे कांगबाशीची निघतात, पण रिकामेपणाचा मोठा साठा दाट वस्तीत, बंद दारांमागे आहे.

दुसरा दुवा आगाऊ विक्रीचा. बांधकाम पुरे होण्याच्या बरेच आधी घर विकले जाई, कुटुंब काही रक्कम आगाऊ भरून उरलेल्या किमतीचे कर्ज काढी व हप्ते सुरू करी, आणि कंपनी तो पैसा पुढच्या जमिनीच्या लिलावात घाली. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने कंपन्यांच्या कर्जावर मर्यादा घातल्या आणि हे चक्र अडले. ३०० अब्ज डॉलरहून अधिक देणी असलेल्या एव्हरग्रँड या बांधकाम कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये परतफेड चुकवली. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. त्याआधी, २०२२ च्या उन्हाळ्यात, जिंगदेझेन येथील अर्धवट इमारतींतील ग्राहकांनी घरे पुरी होईपर्यंत हप्ते भरणार नाही असे जाहीर केले आणि ते लोण अनेक शहरांत पसरले. जमीनविक्रीतून स्थानिक सरकारांना २०२१ मध्ये ८.७ लाख कोटी युआन मिळाले होते. २०२२ मध्ये त्यात जवळपास एक चतुर्थांश घट झाली. ज्या तिजोरीने शहरे बांधली तीच त्यामुळे आटली, आणि आता ज्या नव्या विभागांत बस व शाळा आणायच्या राहिल्या आहेत तिथे त्या आणायला पैसा नाही.

मात्र सगळे जमिनीच्या महसुलावर ढकलता येणार नाही असे मला वाटते. आफ्रिकेतील अंगोलात, राजधानी लुआंडाजवळ, चिनी कंपनीने किलांबा नावाचे शहर बांधले, पहिल्या टप्प्यात सुमारे वीस हजार सदनिका. तिथे स्थानिक सरकारचा जमीन विकण्याचा खेळ नव्हता, तेलाच्या बदल्यात चिनी कर्ज असा व्यवहार होता. २०१२ मध्ये तेही ओसाड शहर म्हणून गाजले, कारण सदनिकेची किंमत सव्वा लाख ते दोन लाख डॉलर ठेवली होती आणि तेवढे पैसे असणारा माणूस तिथे राहायला येणार नव्हता. २०१३ मध्ये सरकारने किमती खाली आणल्या, कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे हप्ते दिले, आणि रांगा लागल्या. इमारती त्याच, जागा तीच. म्हणजे काही ठिकाणी उत्तर इतके साधे असते, की राहणाऱ्याच्या पगाराला घर परवडले पाहिजे.


मोसेखोरे

महाराष्ट्राचे उदाहरण विचारले आहे, म्हणून लवासाबद्दल लिहितो. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील अठरा गावांचा परिसर २००१ मध्ये राज्याच्या गिरिस्थान धोरणाखाली अधिसूचित झाला. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने पाच नगरांची योजना आखली, आणि दासवे हे त्यातले पहिले. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले, म्हणजे आराखडा मागणारी आणि मंजूर करणारी व्यवस्था एकाच छताखाली आली. कृष्णा खोरे विकास महामंडळाची जमीनही भाडेपट्ट्याने देण्यात आली. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी वरसगाव एक असल्याने पाण्याचा प्रश्न पहिल्यापासून वादात होता. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली, पण तोवर विक्रीचा ओघ तुटला होता आणि कर्ज मात्र वाढत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दिवाळखोरी प्रक्रियेत गेले. २०२३ मध्ये मंजूर झालेली खरेदीदाराची योजनाही पुढे अमलात आली नाही.

काम थांबवल्यामुळे शहर मेले असे मानणारे अनेक आहेत. मी त्या भागात वारंवार जातो आणि मला ते पटत नाही. टेमघरचा घाट चढून गेल्यावर दासवेत पिवळ्या-नारिंगी इमारती आणि पाण्याकाठचा फिरण्याचा रस्ता लागतो. शनिवार-रविवारी तिथे पुण्यामुंबईच्या मोटारी दाटीने उभ्या असतात. सोमवारी सकाळी गेलात तर उपाहारगृहांतील मुले खुर्च्या एकावर एक रचताना दिसतात, वरच्या मजल्यांवरच्या बाल्कन्यांत पावसाळ्यात रुजलेले गवत वाळून उभे असते, आणि काही भिंतींवर रंगाचे पोपडे सुटून खालचा सिमेंटचा थर दिसतो. एका विद्यापीठाचे संकुल आहे, तिथले विद्यार्थी हीच काय ती आठवडाभर राहणारी मोठी वस्ती. काम करणारे पुष्कळजण आजूबाजूच्या वाड्यांतून मोटारसायकलवर येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांच्या पगारात तिथले घर बसेल असा विचार आराखड्यात कधी नव्हता. पुण्यापासून दीड-दोन तासांच्या घाटवाटेवर, हॉटेलांखेरीज रोजगार नसताना, लाखांच्या वर माणसे बारमाही राहतील हे गृहीतक परवानग्या वेळेवर मिळाल्या असत्या तरी टिकले नसते. किलांबाबद्दल ताळेबंद यांनी जे लिहिले ते इथे तंतोतंत लागू पडते, फक्त इथे किंमत खाली आणणारे कोणी नव्हते.


चौथा मजला

वरची चर्चा मोठ्या शहरांची आहे, मी एका इमारतीपुरते लिहितो, कारण ताळेबंद यांनी म्हटलेला बंद दारांमागचा साठा मी रोज पाहतो. पनवेलच्या पलीकडे झालेल्या एका नव्या संकुलात आम्ही राहतो आणि गृहनिर्माण संस्थेचा हिशेब माझ्याकडे आहे. निम्म्याहून अधिक सदनिका ताबा घेतल्यापासून कुलूपबंद आहेत. मालक देखभाल खर्च बहुधा भरतात, त्यामुळे कागदोपत्री आमची संस्था सुस्थितीत आहे.

प्रत्यक्षात अशा इमारतीत राहणे कसे असते ते सांगतो. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा संपूर्ण संकुलाच्या हिशेबाने बसवलेली आहे. तिच्यातले जिवाणू जगण्यासाठी रोज ठराविक सांडपाणी यावे लागते. निम्मी बिऱ्हाडे नसल्याने ते येत नाही, यंत्रणा वारंवार बिघडते आणि उन्हाळ्यात तळमजल्यावर दुर्गंधी पसरते. बंद घरांच्या न्हाणीघरांतील जाळीखालचे पाणी आटले की तिथूनही वास आणि झुरळे वर येतात, आणि किल्ली मुंबईत किंवा दुबईत असते. पाइपगॅसची जोडणी पुरेशी बिऱ्हाडे नोंदवल्याशिवाय मिळेना. शाळेची बस दोन-तीन मुलांसाठी आत यायला तयार नव्हती. खालच्या गाळ्यात सुरू झालेले किराणा दुकान काही महिन्यांत बंद पडले, कारण वाण्याला दुधाच्या पिशव्या परत पाठवाव्या लागत होत्या. दुकान नाही म्हणून नवीन बिऱ्हाड यायला कचरते, आणि बिऱ्हाड नाही म्हणून दुकान टिकत नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या की दुसऱ्याच आठवड्यात परत जायचे म्हणतात, कारण जिन्यात बोलायला कोणी भेटत नाही.

एक नियम मला फार खटकतो. सभासदाने घर भाड्याने दिले तर त्याच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिगरभोगवटा शुल्क घेता येते. तेच घर त्याने वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवले तर काहीच नाही. माणूस आणणाऱ्याला आकार आणि न आणणाऱ्याला मोकळीक, हे उलटे आहे. नगरवाचक आणि ताळेबंद यांनी यावर लिहावे.


ताळेबंद

चौथा मजला, नियम उलटा आहे याच्याशी सहमत. आयकरातही २०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरे स्वतःच्या वापरातील मानण्याची सवलत दिली. तिसऱ्या रिकाम्या घरावर मात्र काल्पनिक भाडे धरून कर लागतो. कॅनडात व्हॅंकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर बसवला आहे. आपल्याकडे तसा कर लावायचा तर आधी लोक भाड्याने घर द्यायला का भितात हेही पाहावे लागेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या काळात गोठलेली भाडी आणि न निघणारे भाडेकरू यांची आठवण मुंबईच्या घरमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही, जरी आज अकरा महिन्यांच्या करारावर घरे सर्रास दिली जातात.


नगरवाचक

चौथा मजला यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या मूळ प्रश्नाची उरलेली बाजू दिसली. जमीन विकणारा आणि घर बांधणारा बाजूला झाल्यावर रिकामेपणाचा खर्च राहणाऱ्यांच्या अंगावर पडतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात येत नाही. रिकाम्या घरावर कर लावला तर त्याचा पैसा राज्याच्या तिजोरीत न जाता त्याच प्रभागातील बस, पाणी आणि शाळा यांवर खर्च झाला पाहिजे असे माझे मत आहे. अन्यथा स्थानिक संस्थेला उत्पन्नाचे आणखी एक साधन मिळेल आणि घरे रिकामी राहण्यातच तिचे हित तयार होईल.

आकड्यांबद्दल थोडे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.४७ कोटी घरे रिकामी आढळली, त्यांपैकी १.११ कोटी शहरी भागात. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात मुंबईतील रिकाम्या घरांचा आकडा ४.८ लाख दिला होता. जनगणनेच्या व्याख्येत घर म्हणजे दुकान, गाळा, गोदाम हेही येतात, त्यामुळे हा आकडा थेट सदनिकांचा समजू नये. शिवाय हे सगळे पंधरा वर्षांपूर्वीचे चित्र आहे. उलवे, पनवेल, हिंजवडी, वाघोली इथल्या कित्येक इमारती त्यानंतरच्या आहेत. २०२७ च्या जनगणनेची घरयादी २०२६ मध्ये करण्याचे ठरले आहे. चौथा मजला, आपल्या संकुलात प्रगणक आला तर बंद सदनिकांची नोंद तो कशी करतो याकडे कृपया लक्ष द्यावे आणि इथे लिहावे.

आणखी एक विनंती खाडीपलीकडे यांना आणि उरण-पेण भागातील वाचकांना. अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले आहे. हे क्षेत्र जवळजवळ नवी मुंबईच्या मूळ क्षेत्राएवढे आहे. या चर्चेत आलेले बहुतेक प्रश्न तिथे आजच विचारता येण्यासारखे आहेत. जमीन टप्प्याटप्प्याने घेतली जाणार आहे की एकदम, मोबदल्यात विकसित भूखंडाचा वाटा किती, रेल्वेचा खर्च कोण उचलणार आणि ती घरांच्या आधी येणार की नंतर, तिथे काम करणाऱ्याच्या पगारात बसतील अशी घरे आराखड्यात किती? त्या गावांतील कोणी हरकती नोंदवल्या असतील किंवा ग्रामसभेत याबद्दल काही सांगितले गेले असेल, तर ते सविस्तर लिहावे.


खाडीपलीकडे

उरण तालुक्यात माझे नातेवाईक आहेत. त्यांच्या गावात हरकतींचे अर्ज भरून दिले आहेत आणि त्यांत मुख्य मागणी विकसित जमिनीच्या वाट्याची आहे. रेल्वे आणि परवडणारी घरे यांबद्दल कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. या धाग्यातील प्रश्न मराठीत एका पानावर लिहून पुढच्या ग्रामसभेआधी त्यांच्याकडे पाठवतो. ताळेबंद, किलांबाच्या किमतींचा मुद्दा चार ओळींत सोपा करून दिलात तर तोही त्यात घालतो.